संस्थेचा विस्तार आणि संस्थेचे बळ
(महाजनांच्या सर्वसाधारण सभेपुढे केलेले भाषण)



आपल्या अग्रशाळेवर आणखी एक मजला चढवावा की नाही, हा प्रश्न आज सर्वांच्या तोंडी आहे. त्यावर मत देण्यापूर्वी एका संस्थेचे उदाहरण आपणांपुढे ठेवतो.

१२ जून १९०५ रोजी नामदार गोखल्यांनी पुण्यास भारत सेवक समाज स्थापन केला. पाच वर्षांची उमेदवारी, सात प्रतिज्ञा आणि निर्वाहापुरते वेतन, अशा अटींवर माणसे रांग लावून येत नसतात. समाजाची सभासदसंख्या कधीच मोठी झाली नाही. गोखल्यांच्या निधनानंतर, १९१५ साली, गांधीजींना सभासद करून घेण्याविषयी मतभेद झाले आणि गांधीजींनी आपण होऊन अर्ज मागे घेतला. त्या नावाने समाज केवढा वाढला असता, हे त्या मंडळींस कळत नव्हते काय?

पण कार्य पाहा. देवधरांनी रमाबाई रानड्यांसमवेत १९०९ साली पुण्याचे सेवासदन उभारले, ना. म. जोशींनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग. ठक्करबाप्पांनी १९२२ साली भिल्ल सेवा मंडळ. समाज लहानच राहिला, त्याची माणसे मात्र नव्या संस्थांना जन्म देत गेली.

याउलट कर्मवीर भाऊरावांची १९१९ सालची रयत शिक्षण संस्था शेकडो शाळांपर्यंत पोचली, हेही खरे. पण तेथे गावोगावची मुले शाळेवाचून होती; गरज आधी होती, इमारत मागून आली.

आपल्याकडे गरज किती? जत्रेच्या दिवसांत खोल्या अपुऱ्या पडतात. एरवी बहुतेकांना कुलूप असते. जन्म कारकुनीत गेल्यामुळे माझी नजर आधी खर्चाच्या रकान्याकडे जाते. खोलीवर वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी बसविण्यास देणगीदार मिळतो. झाडलोट, विजेचे बिल, पावसाळ्यातली गळती यांवर नाव कोरता येत नाही, म्हणून त्यांस देणगीदारही नसतो. तो भार अखेर नित्यपूजा व नंदादीपाच्या तरतुदीवर येतो. मग खोल्या भरण्यासाठी त्या लग्नकार्यांस भाड्याने द्यायच्या, आणि आपले मुखत्यार एखाद्या लॉजचे व्यवस्थापक होऊन बसायचे!

तेव्हा माझी सूचना अशी: देऊ केलेल्या रकमा, दात्यांची संमती असल्यास, कायम ठेवीत गुंतवाव्यात व व्याजातून असलेल्या इमारतीची डागडुजी करावी. विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे काम ज्यांना मनापासून करावयाचे आहे, त्या तरुण महाजनांनी निराळी समिती, निराळ्या हिशेबाने चालवावी. या आशयाचा ठराव मी चिटणीसांकडे लेखी दिलेला आहे.