एक छप्पर की तीन?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९५५ साली दोन शिक्षणसंस्थांनी प्रार्थनास्थळे उघडली. ब्रँडाइस विद्यापीठाने ज्यू, कॅथलिक व प्रॉटेस्टंट अशी तीन बांधली. एकाची सावली दुसऱ्यावर पडू नये अशा बेताने! हेतू निर्मळच. पण चौथ्याने बसावे कोठे?

एम.आय.टी. या तंत्रसंस्थेने सर्वधर्मीयांसाठी एकच बांधले. सारिनेनची ती ओबडधोबड विटांची गोल वास्तू, भोवती उथळ पाणी, वरून संगमरवरी वेदीवर उतरणारा उजेड. आम्हांला हीच पसंत. मात्र येथे वेळ वाटून घ्यावी लागते. आमच्या गिरण्यांत एकाच साच्यावर तीन पाळ्यांचे कामगार उभे राहत. भांडण धर्मावरून क्वचित, मागच्याने साचा कसा सोडला यावरून रोज. प्रार्थनेच्या खोलीतही जाजम कोणी झाडायचे, हे आधी ठरविलेले बरे.