आकाशातील डोळा आणि खोऱ्यातील भोंगा



उपग्रह म्हटले की सामान्य माणसाला दूरदर्शन आठवते, फार तर वादळाची सूचना आठवते. वातावरण बदलाच्या संकटात त्याचे मोल काय, हे जाणून घ्यायचे तर देवतात्मा हिमालयाकडे दृष्टी वळवावी लागते.

वाढत्या उष्म्याने हिमनद्या मागे सरकत आहेत. वितळलेले पाणी त्यांच्या मुखाशी साचून सरोवरे बनतात. त्यांना अडविणारा बांध हिमनदीनेच आणलेल्या दगडमातीचा, म्हणजे मुळातच कच्चा. चार-पाच हजार मीटर उंचीवरील अशा सरोवरांची मोजदाद पायी जाऊन कोण करणार? ती उपग्रहांनी केली. एप्रिल २०२४ मध्ये 'इस्रो'ने तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हिमालयीन नद्यांच्या पाणलोट क्षेत्रात दहा हेक्टरांहून मोठी २,४३१ सरोवरे आढळली. १९८४ पासून त्यांपैकी ६७६ लक्षणीय विस्तारली आहेत आणि त्यांतील १३० भारतात आहेत. हिमाचलातील घेपांग घाट सरोवर १९८९ साली ३६.४९ हेक्टर होते, ते २०२२ साली १०१.३० हेक्टर झाले.

हे आकडे कोरडे नाहीत. सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक सरोवर २८ सप्टेंबर २०२३ रोजी सुमारे १६७ हेक्टर होते. ४ ऑक्टोबरच्या छायाचित्रात ते ६० हेक्टर उरले होते. मधल्या एका रात्री काठावरील गोठलेल्या दगडमातीचा प्रचंड कडा पाण्यात कोसळला, बांध फुटला आणि तीस्तेला लोंढा आला. चुंगथांग येथील १,२०० मेगावॅट प्रकल्पाचे धरण वाहून गेले. बर्दांग येथे लष्करी वाहने गाळाखाली गाडली गेली, जवानांनी प्राण गमावले. सरोवर वाढते आहे, हे अभ्यासकांना कित्येक वर्षे ठाऊक होते! खोऱ्यातील पूर्वसूचना यंत्रणा मात्र पूर्ण व्हायची होती.

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून 'निसार' झेपावला. त्याचे रडार ढगांतून आणि अंधारातही पाहते. जमिनीची सेंटिमीटरभर हालचालही टिपते. हा उपग्रह भारत-अमेरिकेचा संयुक्त, आणि त्याला कक्षेत नेणारे क्रायोजेनिक इंजिन स्वदेशी. ज्या तंत्रज्ञानाचे हस्तांतरण १९९३ साली अमेरिकेच्या दडपणाखाली रशियाने नाकारले, तेच हे तंत्रज्ञान. काळाने उगवलेला हा सूड मोठा सात्त्विक म्हणावा लागेल.

तथापि 'निसार' त्याच कक्षेवरून बारा दिवसांनी परततो, आणि बांध फुटायला एक रात्र पुरते. म्हणून आकाशातील डोळ्याला जमिनीवरच्या हातांची जोड हवी. ओडिशाने ती दिली. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे दगावली. २०१३ च्या 'फायलीन'पूर्वी जवळजवळ दहा लाख लोक हलविले गेले आणि मृत्यू काही डझनांवर थांबले. उपग्रहाचे चित्र हवामान खात्याकडून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत आणि तेथून थेट किनाऱ्यावरच्या झोपडीपर्यंत पोहोचले.

हिमालयात ही साखळी अजून अपुरी आहे. २०२४ मध्ये केंद्राने हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीम व अरुणाचलसाठी १५० कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला. एका लोंढ्याने हजारो कोटींचा प्रकल्प नेला, हे पाहता ही रक्कम प्रारंभ म्हणूनच धरावी लागेल. घेपांगच्या खाली सिस्सू गाव आहे. तेथे भोंगा वाजला तर कोणत्या वाटेने वर चढायचे, वृद्धांना कोणी उचलायचे, गोठ्यातील दावी कोणी सोडायची, हे उपग्रह सांगणार नाही. ते त्या गावच्या शाळकरी मुलांनाही पाठ हवे.