गस्त कोणासाठी?

चोऱ्यामाऱ्या वाढल्या की पोलिसांची गस्त वाढवा, अशी मागणी नांदेड-लातुरात होते. मागणी रास्तच आहे. परंतु गस्त कोठे जाते आणि कोणाचे रक्षण करते, हा त्याआधीचा प्रश्न आहे.

अमेरिकेतील कॅन्सस सिटीत १९७२-७३ साली १५ बीटांवर एक प्रयोग झाला. पाच बीटांत पोलीस केवळ बोलावणे आल्यावर जात. पाचांत गस्त दुपटी-तिपटीने वाढविली. उरलेल्या पाचांत पूर्ववत ठेवली. वर्षअखेर गुन्ह्यांत वा लोकांच्या भीतीत लक्षणीय फरक आढळला नाही. न्यूअर्कमध्ये पायी गस्तीने गुन्हे घटले नाहीत, पण भीती कमी झाली. १९८८-८९ मध्ये मिनिआपोलिस शहरात निवडक ठिकाणी पोलीस वारंवार उभे राहू लागले, तेव्हा काही प्रमाणात आळा बसला. तात्पर्य, नेमक्या जागी पोचलेला शिपाईच उपयोगी पडतो.

ही नेमकी जागा ठरविणार कोण? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसे जन्मतःच गुन्हेगार ठरविली. स्वतंत्र भारताने १९५२ साली तो रद्द केला; पारध्यांच्या पालावरील संशय मात्र रद्द झाला नाही. गुन्हा कोठेही घडो, झडती पालाची होते. पूर्वग्रहाने आखलेली गस्त गुन्हा रोखीत नाही. ती एका जमातीला पिढ्यान्‌पिढ्या आरोपी ठेवते.

उलट, जेथे रक्षण हवे होते तेथे काय घडले? २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. ४ ऑगस्ट रोजी नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. हा रात्रीच्या अनोळखी चोराचा गुन्हा नव्हता. ठरावाला आठवडा उलटला होता आणि धोका कोणाला आहे, हे गुपित नव्हते.

१९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७ नुसार असा भाग अत्याचारप्रवण घोषित करून आधीच उपाय योजता येतात. १९९५ च्या नियमांत तेथे विशेष पोलीस दल ठेवण्याची तरतूद आहे. तेव्हा नांदेड-लातूरच्या कार्यकर्त्यांनी केवळ जादा गाड्या मागून थांबू नये. गस्तीचा मार्ग वस्तीतील स्त्री-पुरुषांना विचारून ठरावा, ती पायी व्हावी आणि तिची नोंदवही ग्रामसभेपुढे यावी, असा आग्रह त्यांनी धरावा. गावकुसाबाहेरचा माणूस निर्धास्त झोपला, तरच गस्त झाली असे म्हणता येईल.