बातमीतलं शुल्क आणि इंग्रजीतली क्रियापदं



इंग्रजी शब्दसंग्रह कसा वाढवायचा, हा प्रश्न मला महाविद्यालयातली मुलं विचारतात, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे विचारतात, आणि मुलांचा अभ्यास घेता यावा म्हणून स्वतः इंग्रजी शिकू पाहणाऱ्या आयाही विचारतात. सगळ्यांना मी एकच सांगतो. शब्दांच्या याद्या पाठ करू नका. एक बातमी धरा आणि काही महिने तिची पाठ सोडू नका. बातमी निवडायचीच असेल, तर आयात-निर्यात शुल्काची निवडा.

कारण सांगतो. या बातमीचा अर्थ आपल्याला आधीच ठाऊक असतो. कांद्याची निर्यात बंद झाली की काय होतं, हे लासलगावच्या शेतकऱ्याला कुणी शब्दकोशातून सांगावं लागत नाही. बाहेरून कापूस आला की इथला भाव कसा हलतो, हे यवतमाळच्या माणसाला पुरेपूर माहीत असतं. समज आधी आणि शब्द मागून, अशा क्रमानं आलेला शब्द टिकतो. यादीतला शब्द परीक्षा संपली की विसरला जातो.

आता कांद्याचीच गोष्ट घेऊ. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्र सरकारनं कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं. नाशिक जिल्ह्यात लिलाव थांबले. इंग्रजीत शुल्क लावण्याला म्हणतात ‘इम्पोझ’. ‘इम्पोझ अ ड्यूटी ऑन अनियन एक्स्पोर्ट्स’. हा तुकडा तसाच्या तसा उचला, त्यातल्या ‘ऑन’सकट. ऑक्टोबरमध्ये किमान निर्यात मूल्य आलं, टनाला 800 डॉलर. बाजार समितीत ज्याला सगळे एमईपी म्हणतात, तेच हे. त्यासाठी क्रियापद ‘सेट’ किंवा ‘फिक्स’. डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदी झाली. आपण शुल्क ‘लावतो’ आणि बंदी ‘घालतो’. इंग्रजीत दोन्हींना ‘इम्पोझ’ चालतं. मे 2024 मध्ये बंदी उठली, तिथे ‘लिफ्ट’ आलं, ‘लिफ्टेड द बॅन’. पण सोबत 550 डॉलरचं किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क होतंच. सप्टेंबर 2024 मध्ये किमान मूल्याची अट पार काढून टाकली, तिथे ‘स्क्रॅप’. त्याच वेळी शुल्क निम्म्यावर आणलं, तिथे ‘कट’, किंवा मथळ्यात ‘स्लॅश’. आणि 1 एप्रिल 2025 पासून उरलेलं 20 टक्के शुल्कही मागे घेतलं, तिथे ‘विथड्रॉ’.

पाहा, दीड-पावणेदोन वर्षांची एक घडामोड, आणि तिच्यात इंग्रजीतली रोजच्या उपयोगाची सहा-सात क्रियापदं ओळीनं येऊन गेली. शेतकऱ्यानं त्या काळात सोसलेलं नुकसान मोठं होतं, त्याची बरोबरी कुठल्याही धड्याशी होऊ शकत नाही. पण ज्या घरानं ती घडामोड जवळून पाहिली, त्या घरातल्या मुलाला ‘लिफ्ट’ आणि ‘स्क्रॅप’ यांतला फरक समजावून सांगणं फार सोपं आहे, हे मी शिक्षक म्हणून खात्रीनं सांगतो.

आणि ही क्रियापदं व्यापारापुरती राहत नाहीत. महाविद्यालय दंड ‘इम्पोझ’ करतं. निलंबन ‘लिफ्ट’ होतं. उमेदवारी अर्ज ‘विथड्रॉ’ करतात. शासन एखादी योजना ‘स्क्रॅप’ करतं. एक सूचना मात्र देतो. ‘स्लॅश’ किंवा ‘इम्पोझ’च्या जागी येणारं ‘स्लॅप’ हे मथळ्यातले शब्द आहेत. तिथे जागा कमी असते, म्हणून आखूड आणि जोरकस शब्द वापरतात. बँकेला किंवा तहसीलदारांना अर्ज लिहिताना ते वापरू नका, तिथे ‘रिड्यूस’ आणि ‘इम्पोझ’ शोभतात.

आता एका अशा जागेकडे वळू जिथे हुशार विद्यार्थीही गडबडतात. शुल्क 40 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणलं. इंग्रजीत ‘कट टू ट्वेंटी पर्सेंट’. इथे ‘टू’च्या जागी ‘बाय’ घातलं तर हिशेबच बदलतो. 40 चे 20 टक्के म्हणजे 8, ते वजा केले की उरतात 32. म्हणूनच टक्क्यांतला फरक सांगायचा असेल तेव्हा काळजीपूर्वक लिहिणारे ‘पर्सेंटेज पॉइंट्स’ म्हणतात, ‘बाय ट्वेंटी पर्सेंटेज पॉइंट्स’. मराठीत हा भेद शब्दाच्या शेवटावरून कळतो. ‘वीस टक्क्यांवर’ म्हणजे ‘टू’, आणि ‘वीस टक्क्यांनी’ म्हणजे ‘बाय’. ‘वर’ आणि ‘नी’ एवढंच ध्यानात ठेवा. स्पर्धा परीक्षेतल्या उताऱ्यावरच्या प्रश्नांत हेच विचारलं जाऊ शकतं.

अमेरिकेच्या बातम्यांतून आणखी एक गोष्ट शिकता येते: घटनेच्या पायऱ्या. 2 एप्रिल 2025 ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी अनेक देशांच्या मालावर वाढीव शुल्क जाहीर केलं, ते झालं ‘अनाउन्स’. आठवडाभरातच बहुतेक देशांपुरतं ते 90 दिवस थांबवलं, ते झालं ‘पॉज’. भारतीय मालावरचं 25 टक्के शुल्क 7 ऑगस्टला लागू झालं, तिथे ‘टेक इफेक्ट’. भारत रशियाकडून तेल घेतो म्हणून आणखी 25 टक्के 27 ऑगस्टला लागू झालं, तिथे ‘अ‍ॅडिशनल’. या सगळ्याच्या आधी नुसती धमकी असते, तेव्हा ‘थ्रेटन’. मथळ्यात ‘टू इम्पोझ’ दिसलं तर समजा, शुल्क अजून लागायचंय. ज्याला ‘थ्रेटन’, ‘अनाउन्स’ आणि ‘टेक इफेक्ट’ यांतला फरक कळत नाही, तो अर्धी बातमी चुकीची समजतो. व्यापाऱ्याच्या बाबतीत तर त्यावर सौदा अवलंबून असतो.

हे शुल्क भरतो कोण, तेही शब्दांतूनच समजून घ्या. ‘टॅरिफ ऑन इंडियन गुड्स’ ऐकून अनेकांना वाटतं की भारत अमेरिकेला पैसे भरतो. तसं नाही. माल तिथल्या बंदरात उतरला की तिथला आयातदार ते आपल्या सरकारकडे भरतो. समजा, सोलापूरच्या टॉवेलांचा 10 डॉलर किमतीचा एक संच आहे. आधीचा कर बाजूला ठेवला, तरी 25 आणि 25 मिळून 50 टक्क्यांनी त्यावर 5 डॉलर चढले. हे 5 डॉलर आयातदारानं स्वतःच्या नफ्यातून सोसले तर ‘अ‍ॅब्सॉर्ब’. गिऱ्हाइकावर टाकले तर ‘पास ऑन’. आणि त्यानं सोलापूरच्या कारखानदाराला सांगितलं की भाव उतरवा नाहीतर ऑर्डर रद्द, तर फटका आपल्याला बसला, त्याला ‘बेअर द ब्रंट’. ही तीन क्रियापदं ज्याला आली, त्याला या धोरणाचं अर्थशास्त्रही बरंच कळलं. म्हणून मला हा विषय मनापासून आवडतो.

काही शब्द चकवतात. ‘लोन सँक्शन झालं’ हे आपल्या रोजच्या बोलण्यात आहे, म्हणजे मंजुरी मिळाली. पण बातमीत ‘सँक्शन्स’ असं अनेकवचन आलं, ‘सँक्शन्स ऑन रशिया’, तर अर्थ उलटा, निर्बंध. ‘ड्रॉबॅक’ म्हणजे उणीव, असं शाळेत शिकवतात. निर्यातदाराच्या तोंडी ‘ड्यूटी ड्रॉबॅक’ म्हणजे कच्च्या मालावर भरलेल्या शुल्काचा परतावा, म्हणजे चांगलीच गोष्ट. ओळखीचा शब्द वाक्यात बसेना, तर ओढून-ताणून बसवू नका. शब्दकोशात त्याचा दुसरा-तिसरा अर्थ पाहा.

वहीत एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला अर्थ अशी पद्धत असेल तर ती बंद करा. तीन-चार शब्दांचा तुकडा लिहा. नुसतं ‘एक्झेम्प्ट’ लिहू नका, ‘एक्झेम्प्ट फ्रॉम ड्यूटी’ लिहा. ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काही काळ माफ केलं होतं, ते उदाहरण त्याच्याखाली मराठीत लिहून ठेवा. आधी मराठी वर्तमानपत्रात बातमी वाचा, मग तीच इंग्रजीत. हा क्रम उलटा करू नका.

आता कानाचं काम. ‘एक्स्पोर्ट’ हा शब्द नाम असतो तेव्हा जोर सुरुवातीच्या ‘एक्स’वर येतो, आणि क्रियापद असतो तेव्हा ‘पोर्ट’वर. ‘इम्पोर्ट’चंही तसंच, ‘इन्क्रीज’ आणि ‘डिक्रीज’चंही तसंच. आपण मराठी बोलणारे जोर फारसा बदलत नाही, त्यामुळे हा फरक वाचून हाती लागत नाही, ऐकावा लागतो. आकाशवाणीचं इंग्रजी बातमीपत्र लावा, व्यापाराची बातमी आली की हे चार शब्द टिपा, आणि निवेदकानं जोर कुठे दिला, ते त्याच्यामागोमाग मोठ्यानं म्हणून पाहा.