स्वित्झर्लंडचे चीज

स्वित्झर्लंडच्या डोंगरांत धान्याला जमीन थोडी, गवत मात्र भरपूर. उन्हाळा लागला की गुरे उंच कुरणांवर चढतात आणि सप्टेंबरच्या सुमारास खाली उतरतात. तिथले दूध रोज खोऱ्यात पोचवणे पूर्वी शक्य नव्हते. त्याचे जागच्या जागी चीज करायचे आणि ते हिवाळ्यात खायचे किंवा घाट ओलांडून विकायचे, ही रीत त्यातूनच पडली. इथले बहुतेक जुने प्रकार टणक आणि टिकाऊ आहेत ते यामुळेच.

फ्रिबूर प्रांतातले ग्रूयेर हे त्याचे उत्तम उदाहरण. तांब्याच्या मोठ्या कढईत न उकळलेल्या दुधाला विरजण आणि वासराच्या जठरातले रेनेट लावतात. दूध घट्ट झाले की तारांच्या चौकटीने कापून गव्हाच्या दाण्याएवढे कण करतात आणि ढवळत ढवळत सुमारे 57 अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. कणांतले पाणी जितके सुटेल तितके चीज टिकते. मग दाबलेली, मीठ मुरलेली चाके दमट तळघरात किमान 5 महिने ठेवतात. 35 किलोच्या एका चाकाला सुमारे 400 लिटर दूध लागते. या गायींना मुरघास देण्यास मनाई आहे. त्यातले जंतू दुधात उतरले तर मुरता मुरता चीज फुगते आणि फाटते.

परदेशी चित्रांत भोकाभोकांचे दिसते ते एमेंटाल. बर्न प्रांतातल्या एमे नदीच्या खोऱ्यातले हे चीज प्रचंड असते. एक चाक 75 ते 120 किलोंचे. उबदार तळघरात विशिष्ट जीवाणू कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि त्या वायूने भोके पडतात, हे पूर्वीपासून माहीत होते. पण अलीकडे भोके कमी होऊ लागली. त्याचे कारण 2015 मध्ये स्विस संशोधकांनी सांगितले: वायूचा बुडबुडा गवताच्या सूक्ष्म कणांभोवती धरतो, आणि बंद यंत्रांनी काढलेल्या दुधात ते कणच उरत नाहीत. स्वच्छता वाढली आणि चीजची ओळख पुसट झाली, असा हा मजेशीर प्रकार.

ग्लारुसचे शाबत्सीगर अगदी निराळे. साय काढलेल्या दुधाचे, हिरवट, शंकूच्या आकाराचे आणि उग्र वासाचे. त्यात मेथीच्याच कुळातल्या, निळ्या फुलांच्या एका वनस्पतीची वाळवलेली पाने घालतात. त्याच्या कृतीचा आणि शिक्क्याचा नियम 1463 मध्ये तिथल्या नागरिकांच्या सभेने केला. ते नुसते खात नाहीत. किसून लोणी लावलेल्या पावावर भुरभुरतात.

टणकपणाला अपवाद आहे तो जुरा डोंगरातल्या वाशरँ मों-दोरचा. ते थंडीच्या मोसमातले, मऊ, जवळजवळ ओघळणारे; म्हणून त्याला स्प्रूस झाडाच्या सालीचा पट्टा बांधतात.

1914 ते 1999 या काळात चीजचा व्यापार सरकारच्या पाठबळावर चालणाऱ्या चीज युनियनच्या हाती होता. ग्रूयेर, एमेंटाल आणि स्ब्रिंझ या मोजक्या प्रकारांवर तिचा भर असे. फोंद्यू, म्हणजे वितळवलेले चीज, हा राष्ट्रीय पदार्थ झाला तो मुख्यतः तिच्या जाहिरातींमुळे. व्हो प्रांतातल्या काही कुटुंबांना मात्र ही चाकोरी मानवली नाही. 1930च्या दशकात ती वेगळी झाली. त्यांचे लेतिवाझ आजही फक्त 10 मे ते 10 ऑक्टोबर या काळात, कुरणांवरच, लाकडाच्या जाळावर तयार होते.