गाणं लावा, पण नावही सांगा

१ नोव्हेंबर, म्हणजे छत्तीसगडचा स्थापना दिन, जवळ आला की रायपुरात चौकाचौकात अरपा-पैरी नद्यांचं राज्यगीत लागतं. आपली मराठी मंडळीही त्यावर माना डोलावतात. त्यांना मी विचारते, हे लिहिलं कुणी? बहुतेक जण एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. आजची माझी सगळी मिनिटं या एका प्रश्नात गेली तरी चालतील.

ते लिहिलं डॉ. नरेंद्रदेव वर्मांनी. १९७९ साली ते गेले, राज्य झालं २०००मध्ये. ज्या राज्याचं गीत लिहिलं, ते राज्य त्यांनी पाहिलंच नाही.

आपण घरी दही लावतो ना, गीतकाराचंही तसंच. रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घालायचं आणि पातेलं हलवायचं नाही. सकाळी कवडीदार दही तयार. सगळे म्हणतात, दूध चांगलं होतं हो! विरजण कुणाला आठवत नाही, कारण ते दह्यातच मिसळून गेलेलं असतं. छत्तीसगडला हे विरजण गाण्यांनी लावलं, सिनेमाच्या गाण्यांनीसुद्धा.

१९६५ साली मनु नायक यांनी 'कहि देबे संदेस' हा पहिला छत्तीसगढी चित्रपट काढला. अस्पृश्यतेवरची गोष्ट, आणि गायला साक्षात महंमद रफी! रफींचं नाव सगळ्यांना ठाऊक. पण गीतकार डॉ. हनुमंत नायडू आणि संगीतकार मलय चक्रवर्ती? पुढे १९७१चा 'घर द्वार'. त्याची गाणी हरि ठाकूर यांची. आपल्या रायपूरचे कवी, स्वातंत्र्यसैनिक ठाकूर प्यारेलाल सिंहांचे चिरंजीव, गोवामुक्तीच्या लढ्यात गेलेले आणि नंतर छत्तीसगड राज्याच्या आंदोलनात पुढे असलेले. सिनेमाची गाणी लिहिणारा माणूसच राज्य मागायला उभा राहिला! त्यांना राज्य पाहायला मिळालं, पण जेमतेम वर्षभर. २००१मध्ये ते गेले.

आणि २७ ऑक्टोबर २००० रोजी, राज्य व्हायच्या पाच दिवस आधी, सतीश जैन यांचा 'मोर छंइहा भुइयां' हा चित्रपट लागला. लोकांनी तो डोक्यावर घेतला. दही आधीच लागलं होतं, लोक वाट्या घेऊनच आले.

विरजणाचं पुन्हा सांगते, कारण मुद्दा तिथेच आहे. घरची बाई सगळं दही वाढून टाकत नाही, चमचाभर उद्यासाठी बाजूला काढते. गीतकाराचं नाव घेणं म्हणजे तो चमचा बाजूला काढणं. नाव गेलं की उद्याच्या पोराला आपणही लिहावं असं वाटेल तरी कसं?

तिकडे महाराष्ट्रात २०२३मध्ये केदार शिंदे यांनी आपल्या आजोबांवर, शाहीर साबळ्यांवर, 'महाराष्ट्र शाहीर' हा चित्रपट काढला आणि साबळे नव्या मुलांपर्यंत पोचले. त्याच वर्षी साबळ्यांनी गायलेलं महाराष्ट्रगीत राज्यगीत झालं. पण शब्द राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, हे आपल्या किती मुलांना येतं? आणि हरि ठाकूरांवर असा गाण्यांनी भरलेला चित्रपट का निघू नये? त्यात गोवा येईल, रायपूर येईल... पण ते आज राहू दे, वेळ संपत आला.

१ मे आणि १ नोव्हेंबरला निवेदन करणाऱ्या मुलांनो, माझं एवढं ऐका. गाणं लावण्याआधी दोन नावं घ्या: शब्द कुणाचे आणि चाल कुणाची. ठाऊक नसतील तर मोठ्यांना विचारा, शोधा, आणि मगच गाणं लावा.