अभिमानाची थकबाकी



5 नोव्हेंबर 2008, बुधवार. दिवाळी होऊन आठवडा उलटला होता. चिवड्याच्या डब्यात तळाला नुसतं डाळं आणि कढीपत्ता उरला होता. शाळेला सुट्टी, म्हणून सकाळी साडेदहाला मी टीव्हीसमोर बसलेली. एरवी या वेळेला मी सातवीच्या वर्गावर इतिहास शिकवत असते. तिकडे शिकागोत आदल्या दिवसाचे रात्रीचे अकरा वाजले होते, आणि ग्रँट पार्क नावाच्या मैदानात लाखोंची गर्दी उसळली होती. बराक ओबामा अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून निवडून आले होते.

कॅमेरा गर्दीवरून फिरता फिरता एका चेहऱ्यावर थांबला. जेसी जॅक्सन, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे नेते. गालांवरून पाणी ओघळतंय, बोट ओठांवर टेकवलेलं. 1968 च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांना मेम्फिसच्या लॉरेन मोटेलमध्ये गोळी लागली, तेव्हा हा माणूस तिथे होता. 1984 आणि 1988 साली त्यांनी स्वतः अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी प्रयत्न केले होते. गंमत म्हणजे 2008 च्याच जुलैत, माइक बंद आहे अशा समजुतीने ते ओबामांबद्दल नको ते बोलून गेले होते आणि मग त्यांना जाहीर माफी मागावी लागली होती. (हे सांगताना मीही समोरच्या माइकवरचा लाल दिवा एकदा बघून घेतला.) असा हा माणूस, मनात थोडी असूया असेल-नसेल, पण त्या रात्री रडत होता.

हे रडणं कसलं होतं? आनंदाचं म्हणावं तर आनंदात माणूस असा थिजून उभा राहत नाही. मला ते घेणं वसूल झालेल्या माणसाचं रडणं वाटलं. वर्षानुवर्षं कचेरीत खेटे घालावेत, आज या, उद्या या ऐकावं, घरच्यांनीही आशा सोडावी, आणि एके दिवशी खिडकीतून नावाचा पुकारा व्हावा, तसं काहीसं.

ते समजायला थोडं मागं जावं लागेल. त्याच वर्षी 18 फेब्रुवारीला विस्कॉन्सिन राज्यातल्या मिल्वॉकी शहरात मिशेल ओबामा प्रचारसभेत बोलत होत्या. बोलता बोलता त्या म्हणून गेल्या की कळत्या वयात पहिल्यांदाच मला माझ्या देशाचा खराखुरा अभिमान वाटतोय. झालं! दुसऱ्याच दिवशी ओबामांचे प्रतिस्पर्धी मॅकेन यांच्या पत्नी सिंडी यांनी सभेत सांगितलं की मला तर माझ्या देशाचा फार अभिमान आहे. कुणाचं नाव घेतलं नाही, घेण्याची गरजही नव्हती. पुढे कित्येक महिने टीव्हीवर 'पहिल्यांदाच' या एका शब्दाचा कीस पाडला गेला. गमतीची गोष्ट अशी की मिशेलबाईंच्या बाजूने बोलायला धावून आल्या त्या दुसऱ्या पक्षाच्या लॉरा बुश.

आपल्याला वाटेल, एवढं काय बिघडलं? पण अमेरिकेत देशाचा अभिमान ही रोजची देवपूजा आहे. शाळेत सकाळी छातीवर हात ठेवून ध्वजाला निष्ठेची शपथ, बेसबॉलच्या प्रत्येक सामन्याआधी राष्ट्रगीत, घराच्या ओसरीला झेंडा, मोटारीच्या शोरूमवर तर एवढा मोठा झेंडा की त्याखाली गाव झाकेल. आपल्याकडेही पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांत प्रतिज्ञा असते आणि तिच्यात अभिमान हा शब्दही आहे, पण शाळा सुटली की ती तिथेच राहते. त्यांच्याकडे ती मोठ्या माणसांच्याही पाठीमागे असते. अर्थात त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1943 साली, ऐन महायुद्धात, निकाल दिला की कुठल्याही मुलावर ध्वजवंदनाची सक्ती करता येणार नाही. निकालाची तारीख 14 जून, म्हणजे नेमका त्यांचा ध्वजदिन. ही अमेरिका मला आवडते, पण तिच्याबद्दल पुन्हा कधीतरी.

तर ज्या घरात रोज पूजा होते, तिथे सुनेनं 'आज पहिल्यांदाच देव पावला' म्हटलं की सगळ्यांच्या भुवया उंचावणारच. मग इतकी वर्षं काय करत होतीस? खरं तर प्रश्न उलटा विचारायला हवा होता. मिशेल यांचे खापरपणजोबा दक्षिण कॅरोलिनातल्या भातशेतीच्या मळ्यावर गुलाम होते. काहींना अभिमान वाडवडिलांच्या शेतीसारखा वारशाने मिळतो, सातबाऱ्यावर नाव आधीच लागलेलं असतं. काहींची मात्र तो मिळण्याची वाट पाहण्यातच पिढ्यानपिढ्यांची हयात जाते.

त्या रात्रीची जागाही पाहा. ग्रँट पार्क. ऑगस्ट 1968 मध्ये शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं होतं, आणि व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात हजारो तरुण याच बागेत जमले होते. एक पोरगा झेंड्याच्या खांबावर चढून झेंडा खाली ओढू लागला आणि पोलीस तुटून पडले. बाहेर मिशिगन अव्हेन्यूवर लाठ्यांनी डोकी फुटली, सगळा देश टीव्हीवर बघत होता. तेव्हापासून अमेरिकेतल्या डाव्या-उदारमतवादी मंडळींची आणि झेंड्याची जी फारकत झाली, ती पुढे कधी धड मिटलीच नाही. झेंडा म्हणजे 'त्यांचा', असं जणू वाटपच होऊन गेलं. आणि बरोबर 40 वर्षांनी त्याच बागेत त्याच पठडीतल्या लोकांची मुलं-नातवंडं हातात छोटे झेंडे घेऊन उभी. वॉशिंग्टनला व्हाइट हाउससमोर मध्यरात्री जमलेले विद्यार्थी यू-एस-ए, यू-एस-ए ओरडत होते. चार दिवसांपूर्वी त्यांच्यातल्या कित्येकांना ही घोषणा द्यायला लाज वाटली असती.

या सगळ्याहून मला जास्त लक्षात राहिलंय ते दुसरंच एक भाषण. आमच्याकडे ते ग्रँट पार्कातल्या दृश्यांच्या थोडं आधी लागलं होतं, पण मी तेव्हा कुकर लावत होते, म्हणून नीट पाहिलं ते संध्याकाळी. ॲरिझोनात, फिनिक्सच्या बिल्टमोर हॉटेलच्या हिरवळीवर जॉन मॅकेन पराभव मान्य करायला उभे राहिले. ओबामांचं नाव निघताच समोरून हुर्यो उठली. मॅकेन यांनी हात वर करून ती थांबवली. साडेपाच वर्षं उत्तर व्हिएतनामच्या कैदेत काढलेला हा माणूस, दोन्ही हात खांद्याच्या वर नीट जात नसत. मग त्यांनी 1901 सालची गोष्ट काढली: अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी बुकर टी. वॉशिंग्टन या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञाला व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावलं, तेव्हा देशात केवढा गहजब माजला होता. त्याच्या जरा आधीच ते म्हणाले होते, की आजच्या रात्रीचा खास अभिमान आफ्रिकी-अमेरिकन लोकांचा आहे, हे मी जाणतो.

हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला शुभेच्छा देण्याची तिथली रीत जुनी आहे. 1896 साली विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी मॅकिन्ली यांना तार केली, तिथपासून धरतात. 2000 साली फ्लोरिडातल्या अवघ्या 537 मतांनी अध्यक्षपद हुकलं, तेव्हा अल गोर यांनीही गिळायचं ते गिळून ती पाळली. पण मॅकेन यांनी नुसता विजय दुसऱ्याच्या हवाली केला नाही. अभिमानाचं माप कुणाच्या पदरात पडलंय ते त्यांनी आपल्याच लोकांसमोर बोलून दाखवलं. असल्या भाषणाला पडद्यामागचे लेखक असतात, हे मलाही कळतं. पण समोरची हुर्यो थांबवण्याचं काम लेखक करत नाही.

आता लगेच असं समजू नका की त्या रात्री सगळी अमेरिका एका सुरात गात होती. त्याच मतपेट्यांतून कॅलिफोर्नियात आणखी एक निकाल बाहेर पडत होता. समलिंगी विवाहांना बंदी घालणारा प्रस्ताव सुमारे 52 टक्के मतांनी मंजूर झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो भागात ओबामांसाठी नाचलेले लोक दुसऱ्या दिवशी मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर होते. एका हाताने मिळालेलं दुसऱ्या हाताने गेलं.

आणि हेही सांगायला हवं की थकबाकी फक्त एकाच वस्तीत नव्हती. पेनसिल्व्हेनियात ईरी सरोवराच्या काठी ईरी याच नावाचा जिल्हा आहे. रेल्वेची इंजिनं बनवणारा मोठा कारखाना तिथला, आणि एकेक काम हळूहळू दुसरीकडे जात चाललेलं. या जिल्ह्याने 2008 आणि 2012 साली ओबामांना निवडलं, 2016 साली डोनाल्ड ट्रम्प यांना, 2020 साली बायडन यांना आणि 2024 साली पुन्हा ट्रम्प यांना. तिथल्या माणसाला लहरी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण ज्याच्या बापाने एका पगारावर घर बांधलं आणि ज्याला स्वतःला दोन नोकऱ्या करूनही ते राखता येत नाही, त्याला 2016 च्या नोव्हेंबरात काय वाटलं असेल? माझा अंदाज असा, की त्यालाही 'पहिल्यांदाच' असंच वाटलं असेल. शब्द तोच. फक्त तो त्याच्या तोंडी आला, तेव्हा शिकागोतल्या माणसाच्या पोटात गोळा आला.

त्या वर्षी शहराशहरांत मोर्चे निघाले, हातांत फलक: हे माझे अध्यक्ष नव्हेत. चार वर्षांनी 7 नोव्हेंबर 2020 च्या शनिवारी बायडन विजयी झाल्याचं जाहीर झालं आणि फिलाडेल्फियात, न्यूयॉर्कमध्ये माणसं खिडक्यांतून पातेली वाजवू लागली, मास्क लावून रस्त्यावर नाचू लागली. आपण टाळेबंदीच्या सुरुवातीला थाळ्या वाजवल्या होत्या, त्याची मला आठवण झाली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, 6 जानेवारीला, ज्यांना तो निकाल मान्य नव्हता ते संसदेवर चालून गेले. तिथे राष्ट्रध्वज लावलेल्या काठीने पोलिसाला मारहाण झाली. 1968 मध्ये झेंडा उतरवणारा पोरगा देशद्रोही ठरला होता. इथे झेंडा उंच धरणाराच मारत होता. वर्गात हे कसं शिकवायचं, असा प्रश्न एका इतिहासाच्या शिक्षिकेला पडला, तर तिला माफ करा.

अभिमानाचं मोजमाप करणारेही तिथे आहेत. गॅलप ही संस्था 2001 पासून लोकांना विचारते, अमेरिकन असल्याचा तुम्हाला किती अभिमान वाटतो? कमालीचा, खूप, बेताचा, जरासा की मुळीच नाही? 2003 साली, इराक युद्धाच्या वर्षी, 'कमालीचा' म्हणणारे 70 टक्के होते. 2018 साली हा आकडा पहिल्यांदाच निम्म्याखाली गेला. ट्रम्प दुसऱ्यांदा आल्यावर, 2025 साली, 'कमालीचा' आणि 'खूप' मिळूनही 58 टक्केच भरले, पाहणी सुरू झाल्यापासून सगळ्यांत कमी. पण ही बेरीज फसवी आहे. फोड केली तर रिपब्लिकनांत 92 टक्के आणि डेमोक्रॅटांत 36. आणि वर्षभरापूर्वी याच डेमोक्रॅटांत हा आकडा 62 होता. डोंगर, नद्या, राज्यघटना, बेसबॉल, सगळं वर्षभरात जिथल्या तिथेच होतं. बदललं होतं ते फक्त अध्यक्षांच्या घरातलं माणूस.

आपल्याला हसायला काही हरकत नाही, आपल्या निवडणुकांनंतरच्या गुलालाकडे मात्र तेवढा वेळ पाठ करावी लागेल.

शेवटी एक पुण्याची गोष्ट सांगते. 1873 साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली. आमच्या वर्गात हे पुस्तक निघतं तेव्हा मुलांना अर्पणपत्रिकेचं फार नवल वाटतं. जोतीरावांनी ते अर्पण केलंय अमेरिकेतल्या सत्शील जनांना. गुलामीतून निग्रो बांधवांना सोडवण्यासाठी त्यांनी जो त्याग केला, त्याबद्दलच्या आदरापोटी. आपल्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता गिरवावा, ही आशाही तिथेच आहे.

मी मुलांना सांगते, ज्याला मजूर उचल म्हणतात ना, तसं होतं ते. काम व्हायच्या आधी दिलेले पैसे. कारण जोतीरावांनी हे लिहिलं त्यानंतर चारच वर्षांनी, 1877 साली, दक्षिणेतून सैन्य काढून घेतलं गेलं आणि कृष्णवर्णीयांचा मताधिकार तिथे हळूहळू गिळून टाकण्यात आला. कुठे डोईपट्टी, कुठे वाचायला येतं का याची परीक्षा, कुठे सरळ दहशत. तो खऱ्या अर्थाने परत मिळायला 1965 चा कायदा यावा लागला. ओबामांनी ग्रँट पार्कमधल्या भाषणात ज्यांचं नाव घेतलं, त्या ॲटलांटाच्या ॲन निक्सन कूपर 1902 सालच्या, म्हणजे त्या रात्री 106 वर्षांच्या. त्या कायद्याच्या वेळी त्यांनी साठी ओलांडली होती.

निकालाच्या त्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी तिकडे वर्तमानपत्रांसाठी रांगा लागल्या. पेपर आता कोण वाचतं, असं म्हणण्याचे ते दिवस, आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या इमारतीबाहेर माणसं अंक मिळावा म्हणून ताटकळत उभी. वॉशिंग्टन पोस्टला जादा अंक छापावे लागले. कुणी दोन घेत होतं, कुणी दहा, नातवंडांसाठी ट्रंकेत ठेवायला. मी टीव्हीवर ती रांग बघत होते आणि मनात आलं, पुण्यातल्या एका माणसाने 135 वर्षांपूर्वीच तुमच्या नावाने एक पान छापून ठेवलंय, हे या रांगेत कुणाला ठाऊक असेल का? मग दूधवाल्याने बेल वाजवली आणि मी उठले.